बर्फातलं शिसं : पेट्रोलमधून शिसं हटवलं ते पॅटरसनने, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने?

उलटा_कंपास (धागाकर्ता)
मंडळी, क्लेअर पॅटरसन हे नाव बऱ्याच जणांना पृथ्वीचं वय काढणारा म्हणून ठाऊक असेल. उल्केतल्या शिशाच्या आयसोटोपांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) १९५६ साली त्याने ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला आणि तो अजून जवळपास तसाच टिकून आहे. मला मात्र त्याचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

साठच्या दशकाच्या मध्यात त्याच्या टोळीने ग्रीनलंडमधल्या कँप सेंचुरीतून आणि अंटार्क्टिकातल्या बर्ड स्टेशनजवळून बर्फ काढून आणला. वाद असा होता की हवेत, पाण्यात, माणसांत जे शिसं सापडतं त्यातलं निसर्गाचं किती आणि आपलं किती. शिसं घालून पेट्रोल विकणाऱ्यांचं म्हणणं होतं की शिसं काय, सगळीकडे असतंच. ज्वालामुखी आहेत, धूळ आहे. ध्रुवाकडचा बर्फ वर्षानुवर्षं थर टाकत जातो, जुन्या थराला नंतर कुणी हात लावत नाही. म्हणजे खाली खणत जाल तसा काळ मागे.

मुरोझुमी आणि चाऊ यांच्याबरोबर त्याने १९६९ साली निकाल छापला. ग्रीनलंडच्या इ.स.पू. ८०० च्या बर्फात किलोमागे ०.००१ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी शिसं, तर १९६५ च्या आसपासच्या थरात ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त. दोनशेपट! आणि सगळ्यात उभी चढण १९४० नंतर.

माझं म्हणणं सरळ आहे : पेट्रोलमधलं शिसं गेलं त्याचं श्रेय या बर्फाला आणि या माणसाला. आमच्या एका मित्राचं म्हणणं, छे, ते काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने (गाडीच्या धुरातले विषारी वायू मोडणारं उपकरण) केलं, पॅटरसन नसता तरी काही अडलं नसतं. तुम्हाला काय वाटतं?

फक्त_वाचक
वाचतोय. एक बाळबोध शंका : ०.२ मायक्रोग्रॅम म्हणजे नक्की किती? आणि एवढंसं काही कुणी मोजलं यावर विश्वास कसा ठेवायचा?

खडू_फळा
एक ग्रॅम शिसं जमवायचं तर ५० लाख किलो, म्हणजे ५,००० टन बर्फ वितळवा. तोही १९६५ चा, मळलेला. इ.स.पू. ८०० चा घेतलात तर किमान १० लाख टन. घ्या फावडं.

तिरकस
फावडं लोखंडाचं नको हो, नाहीतर तेच मोजलं जाईल.

प्रयोगशाळेतली
तिरकस, विनोद केलात पण नेमकं बोललात.

मी ट्रेस मेटल्सवर (अगदी किंचित प्रमाणात असणाऱ्या धातूंवर) काम करते. आमच्यात नमुन्याला हात लावण्याआधी 'ब्लँक' चालवतात. कृती अथपासून इतिपर्यंत तीच, नमुन्याच्या जागी फक्त शुद्ध केलेलं पाणी. त्यात जे काही येतं ते तुमच्या हातांचं, हवेचं, आम्लाचं, भांड्याचं. आमच्याकडे मध्यंतरी जस्त काही केल्या खाली येईना. पाणी बदललं, आम्लाची नवी बाटली फोडली, टेफ्लॉनची भांडी पुन्हा आम्लात बुडवली, एकमेकांवर संशय घेऊन झाला. शेवटी निघालं हातमोज्यांतून. पुरवठादाराने या खेपेला पावडरवाले पाठवले होते आणि खोक्यावरचं कुणी वाचलं नव्हतं. पिपेटच्या रंगीत टोकांनीही असा त्रास होतो, त्या रंगातच धातू असतात.

आता कल्पना करा, साठचं दशक. बाहेर रस्त्यावरची प्रत्येक गाडी शिसं ओकते आहे, भिंतींच्या रंगात शिसं, नळाच्या सांध्यात शिसं, तुमच्या केसांवर आणि कपड्यांवर तेच. अशा जगात बसून २,८०० वर्षांपूर्वीच्या बर्फातलं शिसं मोजायचं! बाकीच्या बऱ्याच प्रयोगशाळांचा ब्लँकच नमुन्यापेक्षा जड होता, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. पॅटरसनने हे आधी उल्का मोजताना भोगलं होतं, म्हणून त्याने गाळलेल्या हवेची खोली बांधली, आम्ल स्वतः पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, आणि ध्रुवावर जाणारी माणसंसुद्धा आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवली. विश्वास ठेवायचा तो या खटाटोपावर. आकडा त्यातून आपोआप येतो.

फक्त_वाचक
धन्यवाद ताई. म्हणजे मोजणाराच सगळ्यात मळका!

सदू_सायन्स
कंपासराव, तुमचा मित्र बरोबर आहे. भावना बाजूला ठेवून तारखा बघा.

अमेरिकेचा १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट गाड्यांच्या बाबतीत होता कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी. ते साधायला १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर बसले. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर चढला की तो निकामी. म्हणून पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं. त्या प्लॅटिनमला शिसं चालत नव्हतं, बस. बर्फाचा संबंध नाही. शास्त्रज्ञ ध्रुवावर गेला, सत्य घेऊन आला आणि जग बदललं, अशा कथा ऐकायला गोड लागतात.

तिरकस
सदूभाऊंच्या घरी दिवाळीअंक बहुतेक प्रुफं तपासायलाच येतात.

निंबोणी
सदू, अर्धवट तारखा दिल्यास. १९७३ च्या डिसेंबरात ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) दुसराही नियम काढला होता : जे शिसंवालं पेट्रोल उरेल त्यातलंही शिसं टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि कारण दिलं होतं आरोग्याचं. त्यावर कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७६ साली हरल्या. पुढे १९८५ चा आदेश, गॅलनमागे १.१ ग्रॅमवरून थेट ०.१ ग्रॅम, तोही आरोग्याच्याच नावाने. कन्व्हर्टर हे एकमेव कारण असतं तर जुन्या गाड्यांच्या पेट्रोलशी कुणाला देणंघेणं होतं? त्या गाड्या भंगारात जाईपर्यंत वाट बघत बसले असते.

सदू_सायन्स
मान्य, पण कोर्टापुढे आणि नंतरच्या आदेशामागे काय होतं? मुलांच्या रक्तातलं जास्त शिसं. नीडलमनचं १९७९ चं दुधाच्या दातांचं काम, रक्ततपासणीची सर्वेक्षणं : १९७६ ते १९८० मध्ये अमेरिकी रक्तातलं शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं आणि पेट्रोलमधल्या शिशाच्या पाठोपाठ उतरलं. हा पुरावा. ग्रीनलंड कुठे आहे यात?

प्रयोगशाळेतली
ग्रीनलंड तुमच्या 'जास्त' या शब्दाच्या आत लपलेलं आहे सदूभाऊ. जास्त म्हणजे कशापेक्षा?

रॉबर्ट केहो हा शिसे-उद्योगाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार वैद्यकीय तज्ज्ञ. त्याचा युक्तिवाद ऐका : कारखान्यापासून दूर राहणाऱ्या माणसांच्याही रक्तात शिसं आहे, म्हणजे ते नैसर्गिक आहे, शरीर ते हाताळतं, एका मर्यादेच्या वर गेलं तरच विष. यात त्याची तुलना कुणाशी? हवेत शिसं असलेल्या जगातल्याच दुसऱ्या माणसाशी! पॅटरसनने १९६५ साली लिहिलं की सर्रास सापडतं ते आणि निसर्गतः असायला हवं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकी माणसाच्या अंगातलं शिसं निसर्गतः असायला हवं त्याच्या सुमारे शंभरपट आहे. तो अंदाज होता. त्याखाली जमीन हवी होती. ती बर्फाने दिली. १९६६ साली सिनेटर मस्कींच्या समितीपुढे दोघांचीही साक्ष झाली. तिथून पुढे 'असतंच की थोडंफार' हे म्हणणं तेवढं सोपं राहिलं नाही.

आणि नैसर्गिक धुळीचं म्हणाल तर १९६९ च्या निबंधात शिशाबरोबर खडकाची धूळ आणि समुद्री मीठही मोजलेलं आहे. शिसं धुळीतून किंवा समुद्रातून आलं असतं तर तेही सोबत दोनशेपट व्हायला हवं होतं. झालं नाही.

खडू_फळा
+१. धूळ-मिठाचा हा मुद्दा शाळेत शिकवायला हवा. नियंत्रण नमुना म्हणजे काय, ते एका ओळीत कळतं.

उलटा_कंपास
त्याची किंमतही त्याने मोजली. पेट्रोलियम उद्योगाकडून येणारा संशोधनाचा पैसा बंद झाला. १९७१ साली हवेतल्या शिशावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची समिती बसली, तर त्या विषयात जगात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं तोच त्यात नव्हता. नंतरच्या समितीत घेतलं, तर तिथे त्याने बहुमताशी फारकत घेऊन स्वतंत्र मतपत्र जोडलं. माणूस तिरसट असावा, पण असो.

पेंग्विनचा_शेजारी
उन्हाळी मोसमात अंटार्क्टिकात राहून आलोय (शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, यंत्रं सांभाळायला), म्हणून थोडं.

नमुने घेणारी मंडळी निघाली की आमच्या पोटात गोळा यायचा. तळापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, स्नोमोबाइल बऱ्याच अलीकडे बंद करून ठेवायची, शेवटचा टप्पा पायी, चेहरा वाऱ्याकडे. एकाने बाटलीचं झाकण उघडायचं, दुसऱ्याने फक्त बर्फाला हात लावायचा. झाकणवाल्याने चुकून बर्फाला बोट लावलं की तो खड्डा सोडून पुढे. मी एकदा मदतीच्या भरात जनरेटरचा हात तसाच घेऊन जवळ गेलो, तर लांबूनच ओरडा खाल्ला. डिझेलचा वास येणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी चालतीबोलती धुराडी.

सामान बांधतानाही नियम. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या माद्रिद प्रोटोकॉलखाली (सही १९९१, अंमल १९९८) काही गोष्टी त्या खंडावर न्यायच्याच नाहीत : पीसीबी (विजेच्या उपकरणांतल्या तेलात वापरलं जाणारं विषारी रसायन), निर्जंतुक न केलेली माती, खोक्यात भरायचे थर्माकोलचे दाणे, आणि औषध-संशोधन-स्वच्छतेची गरज सोडली तर कीटकनाशकंही.

तिरकस
एवढी तपासणी माणसांची, आणि शिसं बिनापासपोर्ट आत.

निंबोणी
बिनापासपोर्ट आणि सगळ्यांच्या आधी! मॅककॉनेल आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम आहे. अंटार्क्टिकाच्या निरनिराळ्या भागांतले १६ आइस-कोअर (बर्फात खोल ड्रिल करून काढलेल्या कांड्या) तपासले. औद्योगिक शिसं १८८९ पासूनच दिसायला लागतं. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला १४ डिसेंबर १९११ ला. म्हणजे शिसं २२ वर्षं आधी. आयसोटोपांची खूण ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खनिजाशी जुळते, आणि ते वितळवणारी पोर्ट पिरीची भट्टी १८८९ लाच पेटली.

तिरकस
झेंडा न्यायला विसरलं, नाहीतर नाव त्याचंच लागलं असतं.

भूर्जपत्र
इतिहासवाल्यांसाठी अवांतर. ग्रीनलंडच्या बर्फात रोमन साम्राज्यही आहे. चांदी मिळवायची तर शिशाचं खनिज वितळवायचं, उघड्या भट्ट्यांवर. १९९४ साली हाँग, बुट्रों वगैरेंनी दाखवलं की सुमारे २,५०० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या थरांत शिसं नैसर्गिक पातळीच्या चौपट आहे. पुढे २०१८ साली मॅककॉनेलच्याच गटाने इतकं बारीक मोजलं की युद्धं, शांततेचा काळ, अँटोनाइन साथ, सगळं त्या रेषेत चढउतार होऊन दिसतं. नाण्यांचे इतिहासकार ज्यावर भांडत होते, ते सगळं हजारो किलोमीटर दूरच्या हिमनदीत नोंदलेलं निघालं.

मृद्गंधा
छान धागा. पण सगळे शिशावरच अडकलेत. ध्रुवांवर जाऊन बसणाऱ्या विषांत शिसं तसं सरळमार्गी. कणांवर बसून येतं, बर्फाबरोबर पडतं, तिथेच राहतं. पीसीबी आणि डीडीटी, एचसीएच, टॉक्साफीन ही कीटकनाशकं, ही मंडळी उड्या मारत जातात. उष्ण प्रदेशात वाफ होतात, थंड हवेत पुन्हा खाली बसतात, उन्हाळ्यात परत उडतात, आणि दर उडीला थोडी अजून थंडीकडे. वानिया आणि मॅके यांनी नव्वदच्या दशकात याचं नीट गणित मांडलं. ध्रुवाकडे पोचल्यावर पुन्हा उडण्याइतकी ऊबच नाही.

त्यात ही रसायनं चरबीत विरघळतात. शेवाळातून झिंग्यात, झिंग्यातून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात किंवा माणसात. दर पायरीला तीव्रता वाढत जाते. १९६६ सालीच अंटार्क्टिकातल्या अडेली पेंग्विनमध्ये डीडीटीचे अंश सापडल्याचं छापून आलं होतं. त्या खंडावर पिकं नाहीत, फवारणार कशावर?

मृद्गंधा
आणि प्रयोगशाळेतली, तुझ्या ब्लँकवरून हे सांगायलाच हवं. ऐंशीच्या दशकात क्वेबेकमधले डॉ. एरिक देवाई आईच्या दुधातल्या पीसीबीचा अभ्यास करत होते. तुलनेला एक स्वच्छ गट हवा, म्हणून उत्तरेकडच्या नुनाविकमधल्या इनुइट बायकांच्या दुधाचे नमुने घेतले. ना कारखाने, ना शेती, यापेक्षा शुद्ध कोण असणार? तर पीसीबी दक्षिण क्वेबेकच्या सुमारे पाचपट निघाले. ज्याला शून्य धरायचं तोच तक्त्यात सगळ्यात वर.

प्रयोगशाळेतली
अंगावर काटा आला. मी असा निकाल बघितला असता तर आधी बाटल्या बदलल्या गेल्या असं समजून सगळे नमुने पुन्हा चालवले असते.

फक्त_वाचक
मग त्या बायकांना काय सांगितलं? दूध पाजू नका म्हणून?

मृद्गंधा
नाही. तिथे डॉक्टरांची खरी कसोटी लागली. सील, व्हेल, मासा हा तिथला आहार, त्याला तोडीचं दुसरं काही विमानाने येणाऱ्या डब्यांत नाही. आईचं दूध तोडलं तर बाळाचं नुकसान त्याहून मोठं. पाजत राहा असंच सांगितलं गेलं. तोडगा दुधाच्या टोकाला नव्हताच, कारखान्याच्या टोकाला होता.

म्हणून इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूतिए अशा रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटींना जाऊन बसल्या. नैरोबीच्या फेरीत त्यांनी आई-बाळाची एक कोरीव मूर्ती भेट दिली आणि ती पुढे टेबलावर राहिली. स्टॉकहोम करार २००१ साली झाला, २००४ साली लागू झाला, पहिल्या यादीत १२ रसायनं. आर्क्टिक आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेख कराराच्या प्रस्तावनेतच आहे.

सदू_सायन्स
हे उदाहरण मला पटतं, आणि माझाच मुद्दा पक्का करतं. इथे ध्रुवावरच्या मोजमापाने थेट करार घडवला, प्रस्तावनेत नाव आहे. पॅटरसनच्या बाबतीत असं एक कलम दाखवा.

उलटा_कंपास
कलम नाही दाखवत, उलट बाजूने विचारतो. शिसं कमी केल्याचा उपयोग झाला हे तुला कुठून कळलं? १९९१ साली बुट्रों आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडचा नवा बर्फ मोजला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून शिसं ७.५ पटीने खाली. हा बुट्रों पॅटरसनबरोबर काम केलेला, दोघांचा १९८६ चा अंटार्क्टिक बर्फावरचा निबंध आहे. कन्व्हर्टरने शिसं हटवलं असेल, पण पृथ्वीच्या अर्ध्या गोलावरची हवा खरंच निवळली हे कन्व्हर्टर सांगत नाही.

सदू_सायन्स
हे हिशेब तपासणं झालं, बदल घडवणं नव्हे. तरी १९७३ च्या नियमाबाबत निंबोणीचं म्हणणं मी धरून चालतो. साठ-चाळीस म्हणा. साठ कन्व्हर्टरला.

तिरकस
सदूभाऊंनी चाळीस सोडले! धागा संग्राह्य.

निंबोणी
कँप सेंचुरीचा विषय निघालाच आहे तर : बर्फाखाली बोगदे खणून बांधलेला तो अमेरिकी लष्करी तळ १९६७ साली सोडून दिला. सामान तिथेच ठेवून! २०१६ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला : सुमारे ९,२०० टन बांधकाम-साहित्य, दोन लाख लिटर डिझेल, शिवाय पीसीबी आणि अणुभट्टीचं थोडं किरणोत्सारी पाणी. बर्फ त्याला कायमचा गिळून टाकेल असं गृहीत धरलं होतं. ज्या तळावरून पॅटरसनच्या गटाने शुद्ध बर्फ नेला, तिथेच हा कचरा.

पेंग्विनचा_शेजारी
घाबरवू नका हो. नंतर तिथे मोजमापं झाली आहेत, आणि २०२१ च्या अभ्यासानुसार या शतकाच्या अखेरीपर्यंत वितळलेलं पाणी त्या कचऱ्यापर्यंत झिरपत नाही.

निंबोणी
घाबरवत नाही, पण २१०० ही काही फार लांबची तारीख नाही.

भूर्जपत्र
पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती ज्या थॉमस मिजलीची, त्याच्याच गटाने फ्रिजसाठी सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू काढले. म्हणजे एकाच माणसाचं शिसं ग्रीनलंडच्या बर्फात, आणि दुसऱ्या शोधामुळे अंटार्क्टिकावर ओझोनचं भोक (१९८५ साली हॅली तळावरच्या मापनातून उघड झालेलं). दोन्ही ध्रुव भरले की.

मृद्गंधा
गोष्ट तिथे थांबत नाही. सीएफसी बंद करून जे पर्यायी वायू आणले, त्यांतले काही हवेत मोडताना ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. कॅनडाच्या डेव्हन हिमटोपीच्या बर्फात ते वाढत गेलेलं दिसतं, २०२० साली छापून आलंय. ओझोन वाचवणं चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते आम्ल सहजासहजी मोडत नाही, ते मोजत राहायला हवं.

फक्त_वाचक
शेवटची शंका, मग गप्प बसतो. पॅटरसनची माणसं प्लॅस्टिक घालून बर्फ कापत होती. आता शेकडो मीटर खोल कोअर काढतात, तो तर ड्रिलच्या धातूला आणि त्या खड्ड्यात ओततात त्या द्रवाला घासूनच वर येत असणार. मग त्यातलं शिसं खरं कशावरून?

प्रयोगशाळेतली
गप्प बसू नका, हाच प्रश्न १९८१ साली एनजी आणि पॅटरसन यांनी सोडवला. त्यांनी कोअर बाहेरून आत असा थराथराने तासला, प्रत्येक थराला नवं धुतलेलं हत्यार, आणि प्रत्येक थर वेगळा मोजला. बाहेरचा थर भयंकर मळका, आत जावं तसा आकडा घसरत जातो. गाभ्याजवळ तो घसरायचा थांबला आणि सपाट झाला, तरच तो धरायचा. थांबलाच नाही, तर नमुना बाद. आधीच्या अनेकांचे प्राचीन बर्फाचे आकडे याच परीक्षेत गळाले.

आता तासत बसावं लागत नाही. कोअरची लांब कांडी गरम तव्यावर उभी ठेवतात. त्या तव्याला कडं-कडं असतात : मधल्या कड्यातलं पाणी नळीने थेट यंत्रात जातं, बाहेरच्या कड्यातलं सांडपाण्यात. कांडी वितळत खाली सरकते आणि पडद्यावर वर्षं उलटी जातात. त्यासाठी कांडी मात्र अखंड हवी. तडा असेल तर बाहेरचं मळकं पाणी मध्ये शिरतं, मग तेवढा तुकडा काढून टाकतात आणि त्या वर्षांची जागा रिकामी सोडतात.